आल्काँ : पियानोचा एक विस्मृत धनी

एखाद्या कलावंताच्या कृतींपेक्षां त्याच्या मरणाचीच कथा लोकांच्या अधिक तोंडीं असावी, हा योग मोठा चमत्कारिक खरा. शार्ल-व्हालांतँ आल्काँ ह्या फ्रेंच पियानोवादकाच्या वांट्यास तो आला. पाऊण शतकपर्यंत पाश्चात्य संगीताच्या इतिहासग्रंथांत हें नांव क्वचित् आढळे, आणि आढळलें तर बहुधा एवढ्याच मजकुरासह कीं, हा एकलकोंडा म्हातारा १८८८ सालीं वरच्या फळीवरील तालमूद काढावयास गेला असतां तें पुस्तकांचें कपाटच अंगावर कोसळून त्याखालीं गतप्राण झाला. यहुद्यांचा तो धर्मग्रंथ, तो काढण्यास वर गेलेला हात, आणि विद्येच्याच भारानें आलेलें मरण! इतकी नेटकी कथा हातीं लागल्यावर त्या मनुष्यानें लिहिलें तरी काय, ही चौकशी करण्याची गरज कोणास वाटावी? कथेच्या खरेपणाकडे आम्ही पुढें वळूं. आधीं मनुष्याकडे वळणें बरें.

आल्काँचा जन्म ३० नोव्हेंबर १८१३ रोजीं पॅरिसमध्यें एका यहुदी कुटुंबांत झाला. घराण्याचें आडनांव मोरांझ. आल्काँ हें त्याच्या बापाचें नांव. परंतु ह्या घरांतील सर्व मुलांनीं बापाचें नांव हेंच आडनांव म्हणून धारण केलें. आपल्या नांवापुढें बापाचें नांव लावण्याची चाल आम्हां मराठी लोकांस नवी नाहीं. पण त्यापुढील आडनांवच गाळून टाकण्याचें धाडस आपण सहसा करीत नाहीं. बाप मुलांसाठीं संगीताची शाळा चालवीत असे, आणि त्याचीं मुलेंही संगीतांतच वाढलीं. शार्ल-व्हालांतँ सहा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच पॅरिसच्या संगीतविद्यालयांतील परीक्षकांपुढें बसला, आणि १८२४ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, त्यानें तेथें पियानोवादनाचें पहिलें बक्षीस मिळविलें. बालपणींच्या अशा पराक्रमांचीं वर्णनें सर्वच वादकांच्या चरित्रांत एका सांच्याचीं असतात. तीं येथें लांबवीत नाहीं.

त्या काळचें पॅरिस म्हणजे पियानोची राजधानी. लिस्ट, थालबेर्ग, शोपँ असे एकाहून एक धुरंधर वादक एकाच शहरांत वावरत होते. (आज आपल्या घराघरांतून वाजणारी पेटी हीही त्याच पॅरिसांत त्याच सुमारास जन्मास आली, हें जातां जातां सांगावयास हरकत नाहीं.) ह्या मेळ्यांत आल्काँचें स्थान कोणतें होतें, ह्याची साक्ष खुद्द लिस्टची आहे. आपण पाहिलेल्या सर्व वादकांत हाताची तयारी सर्वांहून अधिक आल्काँची, असें लिस्टनें आपल्या एका शिष्यापाशीं सांगितलें होतें. लिस्टसारख्यानें हें म्हणावें, ही लहान गोष्ट नव्हे. शोपँ तर त्याचा स्नेही आणि शेजारी. १८३८ सालच्या एका जलशांत बीथोव्हेनच्या सातव्या सिंफनींतील भाग आल्काँनें दोन पियानोंसाठीं व आठ हातांसाठीं बसविले. त्या आठ हातांपैकीं दोन शोपँचे होते. आणि एवढ्या यशानंतर हा पंचवीस वर्षांचा तरुण सहा वर्षें जलशांच्या व्यासपीठावर पुन्हां आला नाहीं! हें पहिलें मौन. दुसरें याहून दीर्घ होतें.

त्या दुसऱ्या मौनाचें कारण मात्र कागदोपत्रीं स्पष्ट आहे. १८४८ सालीं आल्काँचा गुरु झिमरमान विद्यालयांतील पियानोच्या प्रमुख अध्यापकपदावरून निवृत्त झाला. ती जागा गुणांनीं आल्काँची होती. त्यानेंही ह्या वेळीं संकोच सोडून खटपट केली. जॉर्ज सांद ह्या प्रख्यात लेखिकेनें व कादंबरीकार द्यूमानें त्याची बाजू घेतली. परंतु विद्यालयाचा संचालक ओबेर ह्याच्या मनांत दुसरेंच होतें. नेमणूक झाली ती मार्मोंतेलची. आणि मार्मोंतेल हा एके काळचा आल्काँचाच विद्यार्थी. मार्मोंतेल वाईट शिक्षक होता असें नव्हे. बिझे व द्यबुसी हे त्याच्याच हाताखालून गेले, आणि पुढें १८७८ सालीं प्रसिद्ध पियानोवादकांवर लिहिलेल्या ग्रंथांत त्यानें आल्काँविषयीं आदरानेंच लिहिलें. पण ज्यास आपण शिकविलें त्याच्याच हाताखालीं आपली योग्यता मोजली जावी, हा घाव आल्काँसारख्या मानी मनुष्यास सोसणारा नव्हता. दुसऱ्याच वर्षीं, ऑक्टोबर १८४९ मध्यें, शोपँ वारला. पियानोशिक्षणाविषयींचीं आपलीं अपुरीं टिपणें शोपँनें आल्काँच्या व रेबेर ह्या संगीतकाराच्या स्वाधीन केलीं, आणि शोपँचे कांहीं शिष्यही आल्काँकडे आले. १८५३ नंतर मात्र आल्काँ जवळजवळ वीस वर्षें जलशांतून दिसेनासा झाला.

वास्तविक त्याची खरी थोरवी ह्या आघातांच्या अवतीभवतीं छापल्या गेलेल्या ग्रंथांत आहे. १८४७ सालीं त्याचा ‘चार अवस्था’ नांवाचा सोनाटा प्रसिद्ध झाला. त्याचे चार भाग म्हणजे मनुष्याचें विसावें, तिसावें, चाळिसावें व पन्नासावें वर्ष. पहिला भाग अत्यंत द्रुत, आणि पुढील प्रत्येक भाग मागल्याहून विलंबित. वादकाच्या दृष्टीनें हा केवढा आत्मघात, तें आपल्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांस सहज कळेल. विलंबितांतून द्रुतांत जाऊन टाळी घ्यावी, ही रीत त्यांच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही आहे; हा गृहस्थ द्रुतांतून निघून विलंबितांत विझत जातो. तिसाव्या वर्षाचा भाग फाउस्टच्या कथेवर. त्यांत एकाच वादकाच्या दहा बोटांनीं आठ स्वतंत्र स्वरपंक्तींचें जाळें विणावयाचें आहे. चाळिशींत संसारसुख, मुलेंबाळें आणि प्रार्थना. आणि पन्नाशींत? शिळेस जखडलेला प्रॉमिथ्यूस! आपल्या आश्रमचतुष्टयाची येथें आठवण होणें साहजिक आहे. तथापि तें साम्य वरवरचें होय. आपल्या चौथ्या आश्रमाच्या पलीकडे कांहीं वाट आहे. आल्काँच्या चौथ्या अवस्थेच्या पलीकडे साखळदंडच आहेत. हें सर्व त्यानें लिहिलें तेव्हां त्याचें स्वतःचें वय अवघें तेहतीस-चौतीस वर्षांचें. ग्रंथ छापून होतो न होतो तों १८४८ च्या फेब्रुवारींत पॅरिसच्या रस्त्यांवर क्रांति उसळली, आणि त्या धामधुमींत ह्या सोनाट्याकडे पाहण्यास कोणासही सवड झाली नाहीं.

त्याहूनही प्रचंड कृति म्हणजे १८५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या सर्व मायनर पट्ट्यांतील बारा ‘एत्यूद’, म्हणजे अभ्यासरचना. नांव अभ्यासाचें, पण ही सगळी मालिका वाजवावयास दोन तासांहून अधिक वेळ लागतो. त्यांतील चौथ्यापासून सातव्यापर्यंतच्या रचना मिळून एक सिंफनी होते, आणि आठवी, नववी व दहावी मिळून एक कॉंचेर्तो. कॉंचेर्तो म्हणजे एका मुख्य वादकाचा संपूर्ण वाद्यवृंदाशीं चाललेला संवाद. येथें वाद्यवृंद नाहींच. एकटा पियानोच मुख्य वादकही होतो आणि त्याला उत्तर देणारा समुदायही होतो. एकाच माणसानें गावें, तबला धरावा, आणि सारंगीची साथही आपणच करावी, तसा हा प्रकार आहे. पहिला भागच सुमारें अर्धा तास चालतो. संपूर्ण कृतीस पाऊण तासाहून अधिक वेळ लागतो. मालिकेची शेवटची रचना ‘इसापाची मेजवानी’. इसाप आमच्या वाचकांच्या बालपणापासून ओळखीचा आहे. धन्यानें बाजारांतील सर्वोत्तम पदार्थ आणावयास सांगितले असतां त्यानें नुसत्या जिभाच आणल्या, आणि निरनिराळ्या तऱ्हांनीं शिजवून वाढल्या, अशी एक कथा आहे. तिच्यावरूनच बहुधा हें नांव आलें असावें. कारण येथेंही आठ बारांची एकच चिमुकली चीज पंचवीस वेळां नवनव्या मसाल्यांत पुढें येते, कधीं फौजेच्या डौलानें तर कधीं कुत्र्यांच्या भुंकण्यासारखी.

त्याच्या अंगीं विनोदही होता. १८४४ सालीं, म्हणजे मुंबई-ठाणें आगगाडी धांवण्याच्या नऊ वर्षें आधीं, त्यानें आगगाडीचा भरधांव वेग पियानोवर आणला. १८५९ सालीं एका पोपटाच्या मृत्यूवर त्यानें गंभीर शोकसंगीत रचलें. त्यांत गायकवृंद त्या राघूस न्याहारी झाली काय, असें मोठ्या दुःखानें विचारतो. परंतु सर्वच कांहीं एकसारखें उत्तम आहे, असें म्हणण्याची आमची तयारी नाहीं. एकच लकेर हट्टानें घोळीत बसण्याची त्यास खोड आहे; शोपँच्या स्वरांत जो ओलावा आहे, तो येथें पुष्कळदां आढळत नाहीं. ज्यास केवळ मार्दवाची आवड आहे, त्यानें ह्या वाटेस जाऊं नये. पण सागरतीरींच्या वेडीचें गाणें ह्या नांवाची जी लहानशी रचना त्याच्या १८४७ च्या संग्रहांत आहे, तींत खोल खर्जांत अखंड हेलावणारें पाणी आणि त्याच्या फार वर एकाकी फिरणारा सूर ह्या दोहोंमधील रिकामी जागा ऐकली, म्हणजे अंगावर कांटा उभा राहतो.

एकांतवासांत आल्काँ काय करीत होता? फेर्दिनांद हिलर ह्या मित्रास लिहिलेल्या पत्रांवरून दिसतें कीं, तो मूळ भाषांतून बायबलचें भाषांतर करण्यांत गढला होता. त्याच्या एकलकोंडेपणाची एक गोष्ट फ्रीड्रिख नीक्स ह्या शोपँच्या चरित्रकारानें नमूद केली आहे. तो आल्काँच्या भेटीस गेला असतां इमारतीच्या द्वारपालिकेनें साहेब घरीं नाहींत, असें सांगितलें. मग घरीं केव्हां असतात, ह्यावर उत्तर मिळालें, ‘कधींच नाहीं.’ आणि हाच दुर्लभ मनुष्य पुढें एरार ह्या पियानोच्या पेढींत नीक्सला भेटला, तेव्हां मोकळेपणानें व आपुलकीनें बोलला! त्याच एरारच्या दिवाणखान्यांत १८७३ पासून आल्काँनें पुन्हां लहान लहान जलसे सुरू केले. त्यांत स्वतःच्या चिजांपेक्षां बाख व इतर जुन्या आचार्यांस त्यानें अधिक जागा दिली.

२९ मार्च १८८८ रोजीं तो वारला, आणि त्याबरोबर त्याचें संगीतही जणूं झांकलें गेलें. आपल्याकडे गवई शिष्याविना गेला, म्हणजे त्याची विद्या त्याच्याबरोबर चितेवर जाते. तिकडे तसें होण्याचें कारण नव्हतें. आल्काँचे ग्रंथ छापलेले होते, आणि देलाबोर्द व फिलीप ह्या दोघां वादकांनीं त्यांच्या नव्या आवृत्त्याही काढल्या. पण वाजवावयास हात नसतील, तर छापील स्वर म्हणजे न उघडलेलें पत्रच. आल्काँनें जें लिहिलें तें आपल्या हातांच्या मापानें लिहिलें, आणि तसे हात दुसऱ्या कोणाचे नव्हते. आमच्या मतें विस्मृतीचें मुख्य कारण हेंच. सभासंमेलनांत वावरून आपली कीर्ति सांभाळण्याची विद्या त्यास नव्हती, हें दुसरें.

ह्या काळोखांत दिवा लावणाऱ्यांत फेरुच्चो बुसोनी हा पहिला. बीथोव्हेननंतरच्या पियानो-रचनाकारांत शोपँ, शूमान, लिस्ट आणि ब्राम्स ह्यांच्या बरोबरीनें त्यानें आल्काँचें नांव घेतलें. त्याचा शिष्य एगोन पेत्री ह्यानें इंग्लंडच्या नभोवाणीवरून त्या रचना ऐकविल्या. परंतु आम्हांस विशेष जवळचा वाटावा असा पुरस्कर्ता निराळाच आहे. कैखुश्रू शापुरजी सोराबजी हें त्याचें नांव. १८९२ सालीं इंग्लंडांत जन्मलेला हा संगीतकार मुंबईकडील एका पारशी इंजिनियराचा मुलगा. त्याच्या १९३२ सालच्या निबंधसंग्रहांत आल्काँवर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि तेंही अशा काळीं, जेव्हां ते नांव काढणें म्हणजे विक्षिप्तपणा समजला जाई. दोघांचा स्वभावधर्मही एक. सोराबजीनेंही तासन् तास चालणाऱ्या रचना लिहिल्या, आणि पुढें आपल्या कृति जाहीरपणें वाजविण्यास त्यानें स्वतःच १९७६ पर्यंत बहुतेक मनाई करून ठेविली. आल्काँच्या मृत्यूनंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १९८८ सालीं, तोही निवर्तला.

खरें पुनरुज्जीवन १९६० नंतरचें. रेमंड लेवेंथल ह्या अमेरिकन वादकावर १९५३ सालीं न्यूयॉर्कच्या एका उद्यानांत गुंडांनीं हल्ला केला. त्यांत त्याच्या हातांचीं हाडें मोडलीं. वादन थांबलें. पुढें तो युरोपांत गेला आणि ह्या विस्मृत संगीतकाराच्या शोधास लागला. १९६३ सालीं न्यूयॉर्कच्या एका आकाशवाणी केंद्रावरून त्यानें आल्काँवर दोन तासांचा कार्यक्रम केला, दुसऱ्या वर्षीं जलसा दिला, आणि मग ध्वनिमुद्रिका निघाली. मोडून सांधलेल्या हातांनीं त्यानें नेमकें हेंच संगीत निवडावें! इंग्लंडांत रोनाल्ड स्मिथनें तेंच काम केलें, आणि वादनाबरोबर १९७६ व १९८७ सालीं दोन खंडांत आल्काँचें चरित्र व त्याच्या संगीताची चिकित्साही लिहिली. १९७७ सालीं आल्काँच्या नांवाची एक मंडळी तेथें स्थापन झाली. मार्क-आंद्रे आमलँ ह्या कॅनडियन वादकानें तर तो कॉंचेर्तो दोनदां ध्वनिमुद्रित केला. तो ऐकतांना अवघडपणाचा विसर पडून संगीतच ऐकूं येऊं लागतें.

राहतां राहिलें तें कपाट. ह्यू मॅक्डोनाल्ड ह्या संगीतपंडितानें १९८८ सालीं एक तत्कालीन पत्र उजेडांत आणलें. तें आल्काँच्याच एका विद्यार्थ्याचें आहे. त्यावरून दिसतें कीं, म्हातारा स्वयंपाकघरांत पडलेला आढळला. अंगावर छत्र्या अडकविण्याचा जड स्टँड होता. भोंवळ येऊन पडतांना त्यानें बहुधा त्याचाच आधार घेतला असावा. कण्हणें ऐकून त्यास उचलून बिछान्यावर नेलें, आणि त्याच रात्रीं आठ वाजतां त्यानें प्राण सोडला. तालमूद नाहीं, फळी नाहीं. मेत्स येथील अठराव्या शतकांतल्या एका विख्यात यहुदी धर्मपंडिताविषयीं कपाट कोसळल्याची अशीच दंतकथा पूर्वींपासून चालत आली होती, आणि आल्काँचे पूर्वज त्याच मुलखांतले. तेथूनच ती ह्याला येऊन चिकटली असावी.

त्याच्या कागदपत्रांचा शोध घेणाऱ्यांस दोन गोष्टी अद्याप मिळालेल्या नाहींत. एक, संपूर्ण वाद्यवृंदासाठीं लिहिलेली सिंफनी, जिची हस्तलिखित प्रत पाहून एका समकालीन टीकाकारानें १८४६ सालीं तिचें सविस्तर वर्णन लिहिलें होतें. दुसरी, बायबलचें तें भाषांतर.