खात्यातला गिल्डर

सतराव्या शतकाच्या आरंभी ॲम्स्टरडॅमच्या बाजारात शेकडो तऱ्हेची नाणी चालत. कुणाची कड कातरलेली, कुणाची चांदी हिणकस. सौदा मोजावा तरी कशात? १६०९ साली नगरसभेने एक पेढी काढली आणि ६०० गिल्डर व त्यांवरील हुंड्यांचा भरणा तिच्याच खात्यांतून व्हावा, असे ठरविले. हा खात्यातला गिल्डर कुणाच्या खिशात कधी खुळखुळला नाही. पण बट्टा लागे तो रोकड नाण्याला, त्याला नव्हे! १६७२ साली फ्रेंच फौजा चालून आल्या तेव्हा घाबरलेल्या ठेवीदारांना पेढीने पैसे मोजून दिले. ॲडम स्मिथ सांगतो, त्यांतली काही नाणी नगरभवनाच्या जुन्या आगीत होरपळलेली होती. म्हणजे ती तिजोरीतून हललीच नव्हती.

पुढे मात्र पेढीने डच ईस्ट इंडिया कंपनीला गुपचूप कर्जे दिली. अठराव्या शतकाअखेर ते फुटले आणि बट्टा खात्यातल्या गिल्डरलाच लागला. १८१९ साली पेढी मिटली.

तोच प्रश्न आता ब्लॉकचेन नावाच्या संगणकी वह्यांपुढे आहे. प्रत्येक वहीचे चलन निराळे. मधला दुवा म्हणून ‘स्टेबलकॉईन’ निघाले. २०१७ च्या ‘दाय’मागे किमतीहून अधिक तारण कुलूपबंद होते आणि ते कुणालाही पाहता येई. ‘टेरा’च्या डॉलरमागे होते त्याच मंडळींचे ‘लूना’ नाणे. मे २०२२ मध्ये दोन्ही काही दिवसांत मातीमोल झाली.