देवरहाटी (रत्नागिरी जिल्हा)

देवरहाटी : ग्रामदेवतेच्या नावाने राखलेले रान. देवराई किंवा नुसतीच राई असेही म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यातले खरे प्रचंड वृक्ष याच रानांत उरले आहेत. असे वृक्ष संरक्षित जंगलात शोधावेत असे कुणाला वाटेल, आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाची (घोषणा 2004, 317.67 चौ. किमी.) हद्द जिल्ह्याच्या पूर्व टोकाला येऊन भिडते; पण तिथे शिरायची वाट सांगलीच्या बाजूने, मणदूरवरून आहे. शिवाय घाटमाथ्यावरचा वारा आणि पातळ माती यांमुळे वरची अंजनी-जांभळे बहुधा ठेंगणीच राहतात. घाटाखाली मात्र, देवळाच्या मागच्या पऱ्ह्याकाठी, बेहडा आणि सातवीण तीस मीटरपर्यंत सरळ चढतात.

रान कधी काही गुंठ्यांचे, कधी काही हेक्टरांचे. देवता भैरी, वाघजाई, काळकाई, सोमजाई, केदारलिंग अशा. चांदकुडा हा या रानांतल्या झाडांचा मानकरी : बुंध्याला भिंतीसारखी आधारमुळे, आतली साल ठोकून पूर्वी पोती करीत, चीक विषारी. जावाकडे बाणांना लावायचे प्रसिद्ध विष याच झाडाचे. शेजारी आंबा, किंजळ, काजरा, आणि या सर्वांवरून झोपाळ्यासारखी लोंबणारी गारंबी. तिची शेंग हातभराहून लांब असते.

इथे कुऱ्हाड चालत नाही, कित्येक गावांत वाळकी काटकीही उचलत नाहीत. झाड तोडायचेच झाले तर गुरव कौल लावतो. देवीच्या पाषाणाला चिकटवलेला कळा उजवीकडे पडला तर होकार. वनशास्त्राच्या पुस्तकात ही रीत बसत नाही, तरी बहुतांश खाजगी मालकीच्या आणि वारंवार तुटणाऱ्या जंगलांच्या या जिल्ह्यात जुनी झाडे तिनेच वाचवली. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांचे लक्ष इकडे वळले. गावकऱ्यांना त्यात नवे काही नव्हते.

कायद्याने स्थिती गुंतागुंतीची : सातबारावर कुठे देवस्थान, कुठे सरकार, कुठे खाजगी कुळांची नावे. अलीकडचा मोठा धोका मात्र भक्तीच्याच वाटेने येतो. कौलारू देऊळ जाऊन स्लॅबचा सभामंडप उभा राहतो, आणि जीर्णोद्धाराच्या खर्चासाठी कधी राईतलीच झाडे विकली जातात.

भेटीला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. आधी गुरवाला किंवा मानकऱ्यांना विचारावे, चपला बाहेर काढाव्यात; काही राईंत स्त्रियांना मज्जाव आहे, हेही आधीच कळलेले बरे. फेब्रुवारीनंतर जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी स्वतःला लिंपून घेऊन बसलेली असते. उरते फक्त चोचीपुरती फट. अशा झाडापासून लांबच उभे राहावे. नर बिचकला की फळे न भरवताच फिरतो, आणि आतली मादी उपाशी राहते.