पहिल्या बेसवरचा बक लिओनार्ड

बेसबॉलमध्ये पहिल्या बेसवर उभ्या असलेल्या खेळाडूकडे प्रेक्षकांचं फारसं लक्ष जात नाही. चेंडू बहुतेक वेळा दुसराच अडवतो, फेकतोही तोच. हा झेलतो आणि फलंदाज बाद होतो. टाळ्या फेकणाऱ्याला! ही जागा सतरा हंगाम सांभाळणाऱ्या बक लिओनार्डबद्दल मला म्हणूनच लिहावंसं वाटलं.

त्याचा जन्म १९०७ चा, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या रॉकी माउंटचा. गावात काळ्या मुलांसाठी हायस्कूल नव्हतं, त्यामुळे चौदाव्या वर्षी शाळा सुटली. रेल्वे स्थानकावर बूटपॉलिश केलं, मग रेल्वेच्या कारखान्यात लागला. मंदीत ती नोकरी गेली, तेव्हा पंचविशीत पोटासाठी तो व्यावसायिक बेसबॉलकडे वळला. १९३४ ते १९५० तो कृष्णवर्णीयांच्या होमस्टेड ग्रेज संघाकडून खेळला. त्याचा जोडीदार जॉश गिब्सन. लोक गिब्सनला 'काळा बेब रूथ' आणि लिओनार्डला 'काळा लू गेरिग' म्हणत. कौतुकातही मोजपट्टी गोऱ्यांचीच.

मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीयांना घेत नसत, पण तसा लेखी नियम नव्हता. ग्रेज वॉशिंग्टनचं ग्रिफिथ स्टेडियम भाड्याने घेऊन खेळत. तिथल्या गोऱ्या संघाचे मालक क्लार्क ग्रिफिथ यांनी एकदा दोघांना बोलावून विचारलं, मेजर लीगमध्ये खेळाल का? दोघे हो म्हणाले. पुढे निरोप आलाच नाही.

जानेवारी १९४७ मध्ये गिब्सन वारला, अवघ्या ३५ व्या वर्षी. १५ एप्रिलला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, आणि तोही पहिल्या बेसवर! लिओनार्ड तेव्हा ३९ वर्षांचा होता. १९५२ मध्ये सेंट लुईस ब्राउन्सने त्याला विचारलं, तेव्हा आता वय झालं म्हणून त्याने नकार दिला. पन्नाशी उलटल्यावर पत्रद्वारा अभ्यास करून त्याने राहिलेलं हायस्कूल मात्र पूर्ण केलं.

१९७२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला; त्याच वर्षी गिब्सनही, मरणोत्तर. लिओनार्ड १९९७ मध्ये वारला. निग्रो लीगला मेजर लीगचा दर्जा जाहीर झाला २०२० मध्ये.

यामुळे रॉबिन्सनचं मोठेपण तसूभरही कमी होत नाही. पण रंगभेदाची भिंत त्याने फोडली एवढंच सांगितलं, की आधी कुणी त्या तोडीचा नव्हता असा समज होतो. त्या तोडीचे होते. त्यांना घेतलं नव्हतं. इतिहास सांगताना हेही सांगायला हवं.