थकव्याला सुया टोचाल, कामाच्या तासांचं काय?

सध्या मोबाइल उघडला की ‘सततच्या थकव्यावर चिनी उपाय’ दिसतात. सुया टोचून घ्या, अमुक चहा प्या, असा श्वास घ्या. हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण खुद्द चीनमध्ये या थकव्याचं काय झालं, तो इतिहास बघण्यासारखा आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या वैद्यकग्रंथात श्रमाचे पाच प्रकार सांगितलेत. फार वेळ बघत राहिलं की रक्ताला इजा, लोळत राहिलं की ‘ची’ला म्हणजे प्राणशक्तीला, बसून मांसाला, उभं राहून हाडांना आणि चालून चालून स्नायूंना. आजच्या विज्ञानात हे बसेल न बसेल, पण त्या वैद्याचा पहिला प्रश्न बघा: बाबा, तू दिवसभर करतोस काय?

1869 मध्ये अमेरिकेत जॉर्ज बिअर्ड या डॉक्टरने अशा थकव्याला ‘न्यूरास्थेनिया’ म्हटलं, म्हणजे नसांचा अशक्तपणा. हा शब्द जपानमार्गे चीनमध्ये पोचला आणि चांगलाच रुजला. 1958 मध्ये माओंची ‘मोठी झेप’ सुरू झाली, रात्रंदिवस उत्पादन. त्याच काळात थकलेले विद्यार्थी आणि कर्मचारी बरे करायची मोहीमही निघाली. औषधं, व्यायाम, छीगोंग, व्याख्यानं, सगळं एकत्र. काही आठवड्यांत माणूस परत कामावर. बाहेर कामाचा रेटा वाढतच होता. ती झेप भीषण दुष्काळात संपली.

1980 मध्ये आर्थर क्लाइनमन यांनी हुनान प्रांतात हेच निदान झालेले 100 रुग्ण तपासले. 87 जणांना नैराश्य होतं. खोलात गेल्यावर नकोशी नोकरी, कुटुंबाची ताटातूट, सांस्कृतिक क्रांतीतले हाल निघाले. ‘नसा थकल्यात’ म्हणणं सुरक्षित होतं, बाकीचं बोलणं नव्हतं.

आणि आज? सकाळी 9 ते रात्री 9, आठवड्याचे 6 दिवस ही तिथल्या कंपन्यांची ‘996’ पद्धत. 2021 मध्ये चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. त्याआधी 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ‘बर्नआउट’ हा आजार नसून कामाशी जोडलेली स्थिती असल्याचं सांगितलं. म्हणजे फिरून पुन्हा त्या जुन्या वैद्याच्याच प्रश्नावर!

आपल्या सोलापूरचं चीनशी नातं जुनं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये तिकडे गेले, युद्धातल्या जखमींसाठी अखंड राबले आणि 1942 मध्ये अवघ्या 32 व्या वर्षी गेले. त्यांच्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे चीनमधून अॅक्युपंक्चर शिकून आले.

तेव्हा सुया घ्यायच्या तर घ्या. पण थकवा हटतच नसेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपासा. झोप भरून काढा. आणि यंत्रमागावर 12 तास उभ्या माणसाला, दिवसभर मान खाली घालून विड्या वळणाऱ्या मावशीला ‘लाइफस्टाइल बदला’ सांगण्याआधी एक विचारा: तिचे तास बदलणं कुणाच्या हातात आहे?