रिकाम्या पोटीच्या गोळीची कुळकथा

औषधाच्या दुकानात जाऊन ‘ॲसिडिटीची गोळी द्या’ म्हटलं की जी पट्टी हातात पडते, तिच्यातल्या औषधाचं नाव बहुधा ‘प्राझोल’वर संपतं. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल. हे सगळं एकच घराणं. त्याचं मूळ स्वीडनमधल्या गोथेनबर्गजवळच्या एका प्रयोगशाळेत आहे. कित्येक घरांत ही गोळी वर्षानुवर्षं सकाळच्या चहासारखी घेतली जाते, म्हणून तिची कुळकथा नीट सांगायला हवी. ती कधी घ्यावी आणि कधी सोडावी, याचं उत्तर त्या कथेतच आहे.

तक्रार तशी फार जुनी. माधवनिदानात अम्लपित्ताला स्वतंत्र अध्याय आहे. छाती-घशातली आग, आंबट-कडू ढेकर, उडालेली अन्नवासना अशी लक्षणं तिथे येतात आणि वर जाणारं व खाली जाणारं असे दोन प्रकारही. दिशेची ही नोंद मला फार मोलाची वाटते, कारण पुढे बराच काळ वैद्यकाचं सगळं लक्ष दिशेवरून उडून आम्लावर खिळलं. १८२३मध्ये लंडनच्या विल्यम प्राउट यांनी प्राण्यांच्या जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे दाखवलं. शत्रूचं नाव कळलं आणि त्याला मारायचं हेच ध्येय ठरलं. खडू, मॅग्नेशिया, खायचा सोडा हे उपाय आधीपासून होतेच. सोडा आम्लाला मारतो, वायू सुटतो, मोठा ढेकर येतो, बरं वाटतं. तासाभरात जठर नवं आम्ल तयार करतं.

आम्ल मुळातच कमी बनावं, हा विचार १९७६ साली ब्रिटनमध्ये बाजारात आलेल्या सिमेटिडिनने खरा केला. हिस्टामिनचा हुकूम पेशीपर्यंत पोचूच द्यायचा नाही, ही जेम्स ब्लॅक यांची युक्ती. १९८८चं नोबेल त्यांना ज्या कामासाठी मिळालं, त्यात हीही होती. रॅनिटिडिन त्याच वाटेवरचं. पण आम्लाचा हुकूम हिस्टामिन एकटंच देत नाही. एक वाट अडवली तरी दुसऱ्या उघड्या राहतात.

गोथेनबर्गजवळच्या हेस्ले कंपनीतले लोक याच सुमारास वेगळ्याच वाटेने चाचपडत होते. त्यांच्या हाती आलेलं मूळ रसायन विषाणूंवरच्या औषधासाठी बनवलेलं होतं. त्याने आम्ल घटलं, पण यकृताला इजा झाली. त्यात बदल करत १९७४मध्ये टिमोप्राझोल तयार झालं. आम्ल झपाट्याने उतरलं, पण थायरॉइडला आयोडीन मिळेना, ती ग्रंथी सुजली. पुन्हा बदल. हे रसायन नेमकं कुठे काम करतं, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडे अमेरिकेत अलाबामात जॉर्ज सॅक्स जठराच्या पेशीतला एक पंप अभ्यासत होते. हायड्रोजनचा आयन बाहेर टाकायचा आणि पोटॅशियमचा आत घ्यायचा, एवढंच त्या पंपाचं काम. स्वीडनचं रसायन हाच पंप बंद पाडतं, हे दोन्हीकडच्या कामातून उलगडलं. हुकूम कुणाचाही असो, आम्ल बाहेर पडतं ते याच पंपातून. १९७९मध्ये ओमेप्राझोल घडलं.

गंमत म्हणजे, या औषधाला जठरातलं आम्ल लागलं तर औषधच नासतं. म्हणून ओमेप्राझोलची कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्याहून बारीक दाणे दिसतात, जठरात न विरघळणाऱ्या लेपाचे. हे दाणे चावू नयेत, आणि लेप असलेली गोळी मोडू नये. दाणे आतड्यात विरघळतात, औषध रक्तात उतरतं आणि रक्तावाटे मागच्या बाजूने जठराच्या पेशींपाशी येतं. पंप चालू असेल तिथे आम्ल साचलेलं असतं. त्या आम्लातच औषधाचं रूप पालटतं आणि ते पंपाला घट्ट चिकटतं. रक्तातलं औषध काही तासांत नाहीसं होतं, पण बंद पडलेल्या पंपाच्या जागी पेशीला बहुतेक वेळा नवाच पंप घडवावा लागतो. म्हणून परिणाम दिवसभर टिकतो.

झोपलेल्या पंपाला मात्र ही गोळी धरू शकत नाही, आणि पंप जागे होतात ते खाण्याने. न्याहारीआधी अर्धा ते एक तास गोळी घ्यायची ती यासाठी, आणि मग न्याहारी करायचीच. गोळी घेऊन दुपारपर्यंत नुसत्या चहावर राहिलं तर तिचा बराचसा जोर वाया जातो. रात्री अकराला आग भडकल्यावर घेतली तर लगेच उतार पडत नाही. पूर्ण गुण यायला तीन-चार दिवस लागतात.

१९८४मध्ये हे सगळं बुडायची वेळ आली होती. जन्मभर मोठ्या मात्रेत औषध दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी सापडल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबल्या. कारण शोधलं तेव्हा कळलं, आम्ल फार घटलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि त्यामुळे काही पेशी फोफावतात. चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, १९८८मध्ये औषध बाजारात आलं. भारतात १९७०च्या कायद्यानुसार औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, त्यामुळे इथल्या कंपन्यांना ते स्वतःच्या पद्धतीने बनवता आलं.

गॅस्ट्रिनची ती गोष्ट तिथे संपली नाही. २००९मध्ये डेन्मार्कच्या एका अभ्यासात कसलीही तक्रार नसलेल्या १२० निरोगी माणसांपैकी काहींना आठ आठवडे याच घराण्यातली गोळी दिली. ती थांबवल्यावर त्यांच्यातल्या ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट पाणी, अपचन यांपैकी काही ना काही झालं. नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. गोळी सोडली की पित्त उसळतं, म्हणून लोक पुन्हा गोळीकडे वळतात. ती उसळी पुष्कळदा गोळी सुटल्याचीच असते आणि काही आठवड्यांत ओसरते. अन्ननलिकेला जखम असेल किंवा ॲस्पिरिनसारखी औषधं चालू असतील, तर मात्र ती मनाने सोडू नये. इतरांनी डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

आता दिशेकडे येतो. अन्ननलिका जठराला मिळते तिथे दोन ते चार सेंटिमीटरचा एक आवळलेला पट्टा असतो. १९५६च्या सुमारास अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये नळी घालून दाब मोजले, तेव्हा तो नीट समजला. पुढे १९८०मध्ये जॉन डेंट, वायली डॉड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ही झडप काहीही गिळलेलं नसताना अधूनमधून काही सेकंद सैल पडते, आणि निरोगी माणसातही बहुतेक वेळा तेव्हाच घशाशी येतं. ढेकर बाहेर पडते तीही याच सैलपणातून. जठराचा वरचा भाग ताणला की हे जास्त वेळा होतं. पोटाचा घेर आणि हर्निया त्यात भर घालतात.

गोळीने हे वर येणं थांबत नाही. वर येणारं पाणी फक्त सौम्य होतं. ज्यांना रात्रीचा त्रास होतो, त्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा रचल्या तर पोट दुमडतं आणि त्रास वाढू शकतो. डाव्या कुशीवर झोपलं तर जठरातला ऐवज झडपेच्या खालच्या पातळीत राहतो. वजन उतरलं तर बहुतेकांना फरक पडतो. गिळताना घास अडकत असेल, काळी शौच होत असेल, वजन आपोआप घटत असेल, तर गोळ्या बदलत न बसता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आणि छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम येत असेल, तर पित्त समजून सोडा पीत बसू नये; तडक इस्पितळ गाठावं.

घराण्याशेजारी आता एक नवी शाखा उभी आहे, २०१५मध्ये जपानच्या बाजारात आलेल्या व्होनोप्राझानची. पंप तोच, पण तिला चिकटण्यासाठी आम्लाची मदत लागत नाही, त्यामुळे जेवणाची वेळ सांभाळावी लागत नाही आणि गुणही लवकर येतो. झडप आवळण्याचं काम मात्र तिच्याकडेही नाही. रात्रीचं जेवण आणि अंथरूण यांत तीन तास ठेवणं तिच्या रुग्णांनाही सांगावं लागतं.