लंडनची खिडकी, दादरचे साप्ताहिक

१/ १८०५ साली लंडनमध्ये एक चित्र छापले गेले. ब्रिटनचा पंतप्रधान पिट आणि नेपोलियन एका मेजाशी बसून पृथ्वीचा गोल पुडिंगसारखा कापून घेत आहेत. चित्रकार होता जेम्स गिलरे.

२/ त्याची चित्रे हॅना हम्फ्री यांच्या दुकानात विकली जात. खिडकीत नवे चित्र लागले की बाहेर गर्दी जमे. विकत घेणे सर्वांना परवडत नसे. उभे राहून हसणे मात्र फुकट होते.

३/ या हसण्याची धास्ती सिंहासनालाही होती. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जच्या वतीने व्यंगचित्रकार जॉर्ज क्रुकशँकला १०० पौंड देण्यात आले. अट अशी, की राजाला कोणत्याही अनैतिक प्रसंगात चितारायचे नाही.

४/ गिलरेला राजकीय व्यंगचित्राचा जनक मानणारा डेव्हिड लो पुढे लंडनच्या वृत्तपत्रांतून हिटलरची टर उडवीत असे. त्या लोला आदर्श मानणारा एक तरुण मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्यासोबत काम करीत होता : बाळ केशव ठाकरे.

५/ १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १३ ऑगस्टला बाळ व श्रीकांत या ठाकरे बंधूंनी ‘मार्मिक’ काढले. नाव वडिलांनी, प्रबोधनकारांनी सुचवलेले. प्रकाशन दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते. ज्या सत्तेची रेवडी उडवायची, तिच्याच हस्ते शुभारंभ!

६/ पुढे ‘वाचा आणि थंड बसा’ हे सदर आले. त्यात चित्र नसे. मुंबईतील कंपन्या व कचेऱ्यांमधील अमराठी अधिकाऱ्यांची नुसती नावे असत. नोकरी शोधणाऱ्या मराठी तरुणांना ती झोंबली. कालांतराने शीर्षक झाले ‘वाचा आणि उठा’.

७/ १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला मेळावा भरला. लंडनची गर्दी खिडकीपाशी हसून पांगत असे. दादरची गर्दी संघटना झाली.

८/ मात्र हे केवळ चित्रांनी घडले नाही. व्यंगचित्रातील अतिशयोक्ती पाहणाऱ्याला ठाऊक असते, आणि तिचा रोख बहुधा सत्ताधीशावर असतो. यादी निव्वळ वस्तुस्थितीचा आव आणते आणि तिचे बोट शेजारच्या टेबलावरील माणसाकडे वळते. एकाच साप्ताहिकात ही दोन्ही शस्त्रे होती. ‘मार्मिक’चा इतिहास वाचताना ती वेगळी ओळखता आली पाहिजेत.