नाखव्याची बाटली

वरळी नाक्यावरून कोळीवाड्याकडे चालत निघालो की आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. सुकत घातलेल्या बोंबलांचा वास, ओल्या जाळ्यांचा वास, डिझेल, आणि भरती असेल तर खाऱ्या वाऱ्याचा झोत. लहानपणी मी अब्बांचे बोट धरून इथे यायचो. आमचे घर कोळीवाड्यातले नव्हे, पण अब्बांचा जिवाभावाचा दोस्त इथला होता. त्याला आम्ही काका म्हणायचो. काका तांडेल होते, स्वतःच्या होडीचे. अब्बा व्यापारी जहाजावर खलाशी. दोघेही दर्यावर जगणारे; एक रोज संध्याकाळी घरी येणारा, दुसरा नऊ-दहा महिन्यांनी.

काका गेले त्याला आता वर्ष होईल. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, म्हणजे माझ्या मित्राचा, फोन आला. "आईने कपाट काढलंय. बाबांच्या बाटल्या सापडल्यात. तू ये. तुला वासातलं कळतं."

मला वासातले कळते ही अफवा आहे. मोहम्मद अली रोडवरच्या अत्तरवाल्यांकडे तास-तास बसायची सवय आहे, एवढेच. पण गेलो.

ओट्यावर तीन बाटल्या मांडलेल्या होत्या. तिन्ही 'ओल्ड स्पाइस' आफ्टरशेव्हच्या. पहिली अमेरिकेची, दुधी काचेची, राखाडी बुचाची. मागे 'शुल्टन' हे नाव. तळाला दोन बोटे द्रव उरलेला. ही अब्बांनी सत्तरच्या दशकात कुठल्याशा बंदरातून आणून काकांना दिलेली. दुसरी गोव्यात तयार झालेली, कोलफॅक्स लॅबोरेटरीजचे नाव असलेली, अर्धी भरलेली. तिसरी नवी कोरी. मित्राने ती मुद्दाम दुकानातून आणली होती, कारण येत्या नारळी पुनवेला होडीची पूजा करताना काका नेहमी जो वास लावायचे तोच लावावा, असे त्याच्या मनात होते. पण मावशींनी नवी बाटली हुंगली आणि खाली ठेवली. "ह्यो त्यांचा नाय."

मित्र म्हणाला, "अगं आई, तीच कंपनी, तेच नाव."

"नाव तेच. वास नाय."

आता मी निवाडा करायचा होता.

*

आधी बाटलीवरच्या जहाजाबद्दल सांगतो, कारण लहानपणी आम्हा दोघांना त्याचेच वेड होते. ओल्ड स्पाइसची मूळ कंपनी शुल्टन. विल्यम लाइटफूट शुल्ट्झ यांनी ती १९३४ मध्ये न्यूयॉर्कला काढली. १९३७ मध्ये पहिला ओल्ड स्पाइस आला तो बायकांसाठी. पुरुषांचा १९३८ मध्ये. हा सुगंध बांधणारे अल्बर्ट हॉक. सजावटीची कल्पना अमेरिकेच्या वसाहतकाळाची, म्हणून बाटलीवर शिडाची जहाजे. आमच्या बाटलीवरच्या जहाजाचे नाव 'ग्रँड टर्क'. कंपनीच्या इतर वस्तूंवर 'फ्रेंडशिप' नावाचे दुसरे जहाज असे. ही चित्रकाराच्या डोक्यातली नावे नव्हेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या सेलम बंदरातून निघणारी ही खरी व्यापारी जहाजे. 'ग्रँड टर्क' थेट चीनच्या कँटनपर्यंत गेले होते. सेलमचे व्यापारी पुढे सुमात्राच्या किनाऱ्यावरून, आचेच्या मुलखातून, मिरी भरून नेत आणि त्यावर गबर झाले.

'ग्रँड टर्क' म्हणजे युरोपीय लोकांच्या तोंडी उस्मानी सुलतान. म्हणजे बघा, तुर्की सुलतानाचे नाव, ते अमेरिकी जहाजाला, ते जहाज बाटलीवर, ती बाटली एका कोकणी मुसलमान खलाशाने आणली आणि ती उभी राहिली वरळीच्या कोळ्याच्या फळीवर, खंडोबाच्या तसबिरीशेजारी. अब्बांना यातले काही ठाऊक नव्हते. काकांना जहाज आवडले होते. "शीड बरोबर काढलंय," एवढेच ते म्हणायचे.

बाटलीच्या आतला मसालाही याच दर्याने फिरवलेला. या सुगंधाचा कणा म्हणजे लवंग, दालचिनी, जायफळ. वर थोडे लिंबूवर्गीय, मध्ये कार्नेशनचे फूल, खाली व्हॅनिला आणि कस्तुरीसारखा गोडवा. लवंग मूळची मोलुक्का बेटांची, तर्नाते आणि तिदोरच्या सुलतानांच्या मुलखातली. त्यांच्याकडून ती जावा, मलबार, गुजरात, अरबस्तान अशी हातोहात पुढे जाई. नंतर डच आले आणि त्यांनी मक्तेदारीसाठी बेटाबेटांवरची झाडे तोडली. एकोणिसाव्या शतकात ओमानच्या सुलतानाने झांजिबारला लवंगेच्या बागा वाढवल्या. या व्यापाराच्या खुणा आपल्या भाषेत अजून आहेत. कोळी ज्याला नाखवा म्हणतो तो फारसीतला 'नाखुदा', नावेचा धनी. बंदर फारसी. आणि बोटीवर अब्बांच्या वरचा जो 'टंडेल' असे, तोच कोळीवाड्यातला तांडेल. दोन दोस्तांचे हुद्दे एकाच शब्दकोशातले होते.

*

अब्बांनी ती बाटली स्वतः का ठेवली नाही? कारण त्यात अल्कोहोल. अंगाला अल्कोहोल लावून नमाज होते की नाही, यावर उलेमांत मतभेद होते, आजही आहेत. कुणी म्हणते, पिण्याची दारू वेगळी आणि हे वेगळे. कुणी म्हणते, शंका असेल तिथे लांब राहावे. अब्बा लांब राहणाऱ्यांतले. त्यांचे अत्तर हिनाचे, कानाच्या पाळीमागे बोळा. पण दोस्ताला फॉरेनची वस्तू द्यायची हौस मोठी. "मला चालत नाही, तुला शोभेल," असे म्हणून त्यांनी ती दिली.

गंमत म्हणजे हाच प्रश्न या शहरात एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, आणि तिथे फिर्यादी मुसलमान नव्हता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात 'दारू'ची व्याख्या इतकी ऐसपैस होती की अल्कोहोल असलेले कोणतेही द्रव तिच्यात यावे. एफ. एन. बलसारा नावाच्या पारशी गृहस्थांनी त्याला आव्हान दिले. त्यांच्या मागण्यांत व्हिस्की-ब्रँडी होती, तशी यू-द-कलोन आणि लॅव्हेंडर वॉटर हीसुद्धा होती. २५ मे १९५१ ला निकाल लागला. दारूबंदी करण्याचा राज्याचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. पण औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलयुक्त वस्तू बाळगण्या-वापरण्यावरची बंदी अवाजवी ठरवून ती कलमे तेवढ्यापुरती रद्द केली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते सय्यद फझल अली. मद्यपान वेगळे आणि सुगंध वेगळा, हा फरक भारतीय कायद्यात असा पक्का झाला. पुढे १९५५ च्या कायद्याने अशा वस्तूंवर अबकारी कर बसला, आणि त्या राजरोस दुकानांत आल्या.

त्या दुकानांतूनच काकांनी दुसरी बाटली घेतली, गोव्याची. अमेरिकेची संपत आली तेव्हा ती जपायची आणि रोजची म्हणून गोव्याची वापरायची, असा त्यांचा हिशेब. गोव्यात परवान्याखाली ओल्ड स्पाइस बनवणारे कोलफॅक्सवाले मेनेझिस. त्यामुळे आपल्याकडच्या दोन पिढ्यांना ठाऊक असलेला ओल्ड स्पाइस हा खरे तर गोव्याचा होता. ऐंशीच्या दशकातली टीव्हीवरची जाहिरात अनेकांना आठवत असेल: प्रचंड लाट, तिच्यावर फळीवर उभा राहिलेला माणूस, मागे कार्ल ऑर्फचे ते छातीत घुमणारे संगीत. कोळीवाड्यात ती जाहिरात लागली की हशा पिकायचा. काका विचारायचे, "एवढ्या लाटेत शिरला, मग मासळी कुठाय?"

*

आता तुलना. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडा कापून तीन पट्ट्या केल्या. प्रत्येक बाटलीतले दोन थेंब. मग थांबलो. वासाला घाई चालत नाही.

नवी बाटली पहिल्या पाच मिनिटांत सर्वांत छान वाटली. लिंबू-संत्र्याचा टवटवीतपणा, मग मसाला, स्वच्छ, हलका. अर्ध्या तासात मात्र ती पट्टीवरून निम्मी उतरली. गोव्याची सुरुवातीला बोथट. पण नंतर लवंग तापून वर आली, फुलाचा भुकटीसारखा कोरडेपणा आला आणि तास उलटला तरी ती जागेवर होती. अमेरिकेची उघडताच थोडा आंबूस, वार्निशसारखा भपकारा आला. मला वाटले, गेली ही. पण दहा मिनिटांनी खालून जो गोड, दाट, कस्तुरीसारखा वास आला तो उरलेल्या दोघींत नव्हता.

म्हणजे मावशी खऱ्या ठरल्या? हो. पण मित्राच्या मनात जे होते, की कंपनीने फसवले, ते मात्र मला पटत नाही. त्याची कारणे सांगतो.

शुल्टन आधी अमेरिकन सायनामिड या कंपनीकडे गेली आणि १९९० मध्ये ओल्ड स्पाइस प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे आला. अमेरिकेत २००८ मध्ये काच जाऊन प्लास्टिकची बाटली आली. मालक बदलला की खर्चाचा हिशेब बदलतो, हे खरेच. पण त्याखेरीज सगळ्या सुगंध-व्यवसायावरच नियम आले. १९७३ मध्ये या धंद्याची आंतरराष्ट्रीय संघटना, इफ्रा, स्थापन झाली आणि कोणता घटक किती वापरावा याचे दंडक घालू लागली. लवंगेच्या तेलात सर्वाधिक असते ते युजेनॉल. त्याचेच भावंड आयसोयुजेनॉल कार्नेशनचा वास देते. दोन्हींमुळे काहींच्या कातडीला खाज-पुरळ उठते, म्हणून दोन्हींवर मर्यादा आल्या. युरोपने २००३ च्या निर्देशाने अशा २६ घटकांची नावे बाटलीवर छापणे सक्तीचे केले. त्या काळच्या आफ्टरशेव्हमध्ये सर्रास असणारी 'मस्क अँब्रेट' नावाची कृत्रिम कस्तुरी तर पूर्ण बाद झाली, कारण ती लावून उन्हात गेले की कातडी भाजल्यासारखी होई आणि प्रयोगांत ती मज्जातंतूंनाही घातक आढळली. दाढी केलेल्या, ताज्या सोललेल्या गालावर आणि दिवसभर उन्हात दर्यावर राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत हा नियम अनाठायी म्हणता येत नाही.

दुसरे कारण असे की जुनी बाटली म्हणजे जुना वास नव्हे. लिंबूवर्गीय तेले हवा लागून आधी मरतात, अल्कोहोल उडते, जड घटक तेवढे मागे राहून घट्ट होतात. चाळीस-पन्नास वर्षांनी आपण हुंगतो ते म्हणजे त्या सुगंधाचे म्हातारपण. काकांनी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा तिच्यातही टवटवीत लिंबू होतेच. ते आता नव्या बाटलीतच भेटते.

आणि तिसरे, आपण अत्तरवाल्यांनी फार नाक वर करू नये. अब्बांच्या काळातले चांगले अत्तर कनौजच्या देगेतून निघून चंदनाच्या तेलात उतरायचे. चंदन महागले, दुर्मीळ झाले, आणि आज बहुतेक स्वस्त अत्तरांचा आधार पॅराफिन किंवा तसलेच एखादे बिनवासाचे द्रावक असते. नाव हिना, शमामा, नाव तेच. मीही अब्बांच्या हिनाचा वास गेली बारा वर्षे शोधतो आहे. दुकानदार दर वेळी म्हणतो, "वही है, साहब." मी दर वेळी विकत घेतो.

*

हे सगळे मी ओट्यावर बसून सांगितले. मित्राने ऐकले. मावशींनी ऐकले की नाही कोण जाणे; त्या गोव्याची पट्टी हातात धरून बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "ते घरी यायचे ना, तेव्हा आधी आंघोळ, मग ह्यो. तरी खालून मासळी यायचीच. तो वास मिळून व्हायचा." म्हणजे आम्ही तीन बाटल्या मांडून बसलो होतो, आणि चौथी वस्तू कपाटात सापडणारच नव्हती.

तेवढ्यात मित्राची मुलगी शाळेतून आली. नऊ वर्षांची. दप्तर टाकले, तिन्ही पट्ट्या हुंगल्या आणि नवी पट्टी उचलून म्हणाली, "हा बाबांचा." मित्र गेली कित्येक वर्षे तोच लावून बँकेत जातो. हे त्याच्या स्वतःच्या लक्षात आले नव्हते.

निवाडा मावशींनीच केला. पुनवेला मुलाने स्वतःची नवी बाटली लावावी. गोव्याची त्यांच्या उशाशी राहील. आणि अमेरिकेची त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुझ्या बापानं आणलेली. आता तू ने."

मी म्हणालो, "मावशी, ती काकांची आहे."

"त्यांची वापरून झाली."

परत येताना किल्ल्याच्या बाजूने गेलो. इंग्रजांनी माहीमच्या खाडीवर नजर ठेवायला बांधलेला हा किल्ला, आणि त्याच्यासमोरून २००९ पासून गेलेला सागरी सेतू. होड्या शाकारलेल्या होत्या, काहींना नवा रंग दिला होता. बाटली खिशात होती. अब्बांनी दोस्तासाठी आणली आणि स्वतः कधी लावली नाही, ती आता माझ्या कपाटात, त्यांच्या रिकाम्या अत्तरदाणीजवळ आहे. मीही ती लावणार नाही. पण राखाडी बूच दोनदा काढून पाहिले आहे. आधी वार्निश येते. थांबावे लागते.